पोपटरावांनी ऐकलेलं इंजिन

विश्रांतवाडीत पोपट सरवदे यांचं घर शोधायचं तर दारातली दुधी रंगाची फियाट एवढी खूण पुरे व्हायची. बहात्तर सालचं मॉडेल. पोपटरावांनी ती एक्क्याऐंशीत कॅम्पातल्या एका बँकेच्या साहेबाकडून घेतली, तेव्हा त्या गल्लीत मोटार यायची ती कुणाला दवाखान्यात न्यायला, आणि तीही भाड्याची. पुढच्या वीस वर्षांत गल्लीतल्या निदान पंचवीस मुली त्या फियाटमधून सासरी गेल्या. पोपटरावांनी पेट्रोलचा एक पैसा कधी घेतला नाही. मात्र नवरदेवाच्या कुणा मित्रानं दार आपटलं, तर त्याला उतरवून दार पुन्हा नीट लावायला लावत आणि तोवर वरात खोळंबून ठेवत. माणूस तसा तुसडाच. पोपट हे नाव ठेवण्याआधी आईबापांनी थोडी वाट पाहायला हवी होती.

पण त्यांचा कान मात्र असा, की त्यापुढे तुसडेपणा कुणाच्या ध्यानात राहत नसे.

पोपटरावांनी तेहेतीस वर्षं एका इंजिनच्या कारखान्यात काढली, ती सगळी टेस्टिंगच्या शेडमध्ये. चालू इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कितव्या सिलिंडरचं बेरिंग ढिलं आहे, कुठला टॅपेट जास्त वाजतोय, हे ते असं सांगत, की आतलं सगळं समोर मांडून ठेवलंय असं वाटावं. कारखान्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सुपरवायझरनं चारचौघांत म्हटलं होतं, "कोट्यातून आलास ना? मग तिकडे बाजूला उभा राहा, पाहून शिक." पोपटराव बाजूला उभे राहिले. तासाभरानं त्याच सुपरवायझरनं पास केलेलं इंजिन त्यांनी "हे जाऊ देऊ नका" म्हणून अडवलं. उघडल्यावर आत चीर निघाली. त्या दिवसानंतर त्यांना बाजूला उभं राहायला कुणी सांगितलं नाही. उलट मोठमोठे इंजिनियर हातातले कागद खाली धरून, पोपटरावांचे डोळे उघडायची वाट पाहत उभे राहू लागले. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती, आणि पोपटरावांच्या मनात त्या दोघांच्या खालोखाल स्वतःच्या कानाचा नंबर होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण होतं ते असं.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी धानोरी, कळस, येरवड्यातून लोक जुन्या गाड्या घेऊन त्यांच्या दारी येत. "पोपटरावांनी कान लावलाय" एवढं म्हटलं की गाडी घेणाऱ्या-देणाऱ्यांमधला वाद मिटायचा.

आणि खरी गोष्ट अशी होती, की पोपटरावांना ऐकू येत नव्हतं.

हे सुरू झालं अठ्ठ्याण्णव सालीच, नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना. आधी टॅपेटची बारीक टकटक गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग स्वयंपाकघरातून येणारा कौशल्याबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज जाऊ लागला. शेडमध्ये कानात घालायला बोळे मिळत, पण पोपटराव ते खिशात ठेवत. बोळे घालून ऐकायचं काय, कपाळ? तेहेतीस वर्षांच्या त्या मस्तीचं फळ आता पदरात पडलं होतं, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

सांगायचं कुणाला आणि कशाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. माणसं आधीच त्यांना तुसडे म्हणत, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला. उत्तर दिलं नाही तरी कुणाला नवल वाटत नसे. समोरच्याच्या ओठांकडे पाहायचं, नाही कळलं तर "हं" म्हणायचं, फारच अडलं तर "पाहू" म्हणायचं. मागून हाक मारणाऱ्याला ते ओ देत नाहीत, हे गल्लीनं केव्हाच गृहीत धरलं होतं. कौशल्याबाई पूर्वी भाजी चिरताना बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याशी अखंड बोलत. ते बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग कामापुरतं उरलं. पोपटरावांना त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. त्याबद्दल त्यांना माफ करावं असं मला तरी वाटत नाही.

रविवारच्या गाड्या ते धुराच्या रंगावर आणि अंदाजावर निभावून नेत. स्वतःची फियाट मात्र त्यांना हाताला कळायची. बॉनेटवर तळवा ठेवला की पुरे. आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरत. दातांतून हाडांत आणि हाडांतून आत कुठेतरी, लांबून आल्यासारखा, जुना ओळखीचा आवाज पोहोचायचा. त्यासाठी ते सकाळी लवकर उठून बॉनेट उघडायचे. लोक म्हणत, काय प्रेम आहे गाडीवर!

दोन हजार तीनच्या सुरुवातीला फियाटनं दम टाकला. धूर काढू लागली, तेल पिऊ लागली. नाना पेठेत पार्ट मागायला गेलं की दुकानदार "काका, आता मारुतीचं काहीही मागा" म्हणून हसायचा. जुन्या बाजारात दोन रविवार घालवून मिळालेले पिस्टन बसवले, तरी चढाला गाडी रडायचीच. तेव्हा अपेक्षानं विषय काढला. अपेक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. ऑफिसात सगळ्यांनी हप्त्यावर नव्या गाड्या घेतल्या असताना हिला फियाटच चालवायची होती, आणि त्याचा पोपटरावांना मनातून केवढा अभिमान होता.

"पप्पा, बॉडी चांगली आहे. इंजिन बदलूया ना," ती त्यांच्यासमोर बसून म्हणाली. मुलगी समोर बसून, स्पष्ट बोलायची. तिचं त्यांना कळायचं. "वन-वन-एट गाडीचं निसानवालं इंजिन फियाटला बसतं. गिअरबॉक्ससकट. नेटवर कितीतरी लोकांनी केलेलं आहे. एकदम स्मूद चालतं."

"नको."

"का पण?"

"स्मूद इंजिन घालून फियाट चालवायची, तर फियाट कशाला पाहिजे?"

अपेक्षा हसली. तिला वाटलं, पप्पांचा जीव अडकलाय. जीव अडकला होता, पण वेगळ्या जागी. हे जुनं इंजिन कसं थरथरतं ते त्यांना पाठ होतं. नवं गुळगुळीत इंजिन हाताला काहीच सांगणार नव्हतं. आणि ते निवडायला गेलं, तर सगळे त्यांच्या कानाकडे पाहणार होते. त्यांनी दोन महिने टाळलं. मार्चमध्ये येरवड्याच्या चौकात फियाट बंद पडली आणि अपेक्षाला ऑफिसच्या कपड्यांत ती ढकलावी लागली. त्या दिवशी ती म्हणाली, "मग विकून टाका पप्पा, मी स्कूटी घेते." तेव्हा ते "पाहू" म्हणाले, आणि अपेक्षानं त्याचा अर्थ हो असा घेतला.

इंजिन संतोषकडे होतं. संतोष कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेला. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा मिळालेल्या पैशांत त्यानं नगर रोडला गॅरेज टाकलं होतं. चाळिशीचा झाला होता, हाताखाली तीन मेकॅनिक होते, पण पोपटरावांना पाहिल्यावर अजून हातातली सिगारेट मागे लपवायचा.

"जय भीम दादा," तो म्हणाला. स्टँडवर इंजिन चढवलेलं होतं. "तासभर चालवलंय मी. मला बरं वाटतंय. पण तुम्ही कान लावल्याशिवाय मी हे अपेक्षाला देणार नाही."

त्यानं इंजिन चालू केलं. मेकॅनिकांनी ग्राइंडर बंद केला, कुणीतरी रेडिओ बंद केला. संतोषनं स्वतःचा लांब स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसून त्यांच्या हातात दिला. पोपटरावांनी टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आत काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं. बोटांना थरथर जाणवत होती, एका जागी ती जराशी तीक्ष्ण वाटत होती, पण हे इंजिन त्यांच्या ओळखीचं नव्हतं. तिसऱ्या सिलिंडरच्या खाली मूठ दातांत धरली असती तर कदाचित कळलं असतं. पण चार माणसांच्या देखत स्क्रू ड्रायव्हर तोंडात घालायचा? मग विचारणार, दादा, हे काय? पूर्वी जेवढा वेळ लागत असे तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "घे."

संतोषचा चेहरा खुलला. नाहीतर असं जुनं इंजिन बसवण्याआधी तो खालचं तेलाचं चेंबर उघडून बेरिंगं पाहायचा. पण पोपटरावांनी कान लावलेलं इंजिन उघडून पाहायचं म्हणजे गुरूचा अपमान. त्यानं चेंबरला हात लावला नाही. इंजिन जसंच्या तसं फियाटमध्ये बसवलं, आरटीओत इंजिनच्या नव्या नंबरची नोंद करून आणली आणि गाडी धुऊन घरी आणून दिली.

मे महिन्यात साताऱ्याला कौशल्याबाईंच्या भाच्याचा मंगल परिणय होता. अपेक्षा चालवायला बसली, कौशल्याबाई तिच्या शेजारी, पोपटराव मागे. हल्ली ते चालवत नसत, डोळ्यांचं निमित्त सांगत. खरं तर मागच्या गाड्यांचे हॉर्न त्यांना ऐकू येत नव्हते.

स्वारगेट सोडल्यावर आरशातून अपेक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. थोडी भुवई वर करून पाहिलं. पोपटरावांना वाटलं, मुलगी विचारतेय, बरं वाटतंय ना पप्पा? खिडकीतून वारा येत होता, गाडी हलकी पळत होती, आणि कित्येक दिवसांनी त्यांना खरंच बरं वाटत होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली. कात्रजच्या डेअरीपाशी तिनं पुन्हा पाहिलं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणाला पोपटरावांच्या तळपायांना काहीतरी लागलं. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय पत्र्यावर टेकवले. ठोका होता. साधासुधा नाही, बेरिंग पार खाऊन रॉड मोकळा झाला की बसतो तसला. किती वेळापासून वाजत असेल हे?

"थांबव!" ते ओरडले. "अपेक्षा, थांबव गाडी!"

पुढचा आवाज मात्र त्यांनाही ऐकू आला. इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागची चाकं लॉक झाली आणि कौशल्याबाई पुढे फेकल्या गेल्या. त्यांनी डॅशबोर्डवर हात टेकला. गाडी हातभर मागे घसरून कठड्याला टेकली. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती. रस्त्यावर काळं तेल पसरलं होतं. कौशल्याबाई मनगट धरून दगडावर बसल्या होत्या, आणि मनगटाचा आकार बदललेला लांबूनही दिसत होता.

अपेक्षा मोबाइलवर संतोषशी बोलत होती. रस्त्यावरच्या वाहनांमुळे पोपटरावांना तिचा शब्दही कळत नव्हता, पण तिचे ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, तो त्यांनी वाचला. फसवलंत. तेव्हाच पुढे होऊन तिच्या हातातून फोन घ्यायला हवा होता. पोपटराव चपला शोधत राहिले.

कौशल्याबाईंचा हात प्लास्टरमध्ये गेला. लग्नाला जायचं राहिलं. अपेक्षानं रजा काढली आणि संतोषच्या नावानं आघाडी उघडली. माझ्या पप्पांचा चेला म्हणवतो आणि आम्हालाच सडकं इंजिन देतो. ऑफिसातल्या दोघांच्या गाड्या त्याच्याकडे होत्या, त्या तिनं परत आणायला लावल्या. विश्रांतवाडीतही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पोपटरावांसारख्याला जो फसवतो, तो इतरांना काय सोडेल, असं लोक बोलू लागले. ग्राहक मंचात तक्रार करायची असं अपेक्षानं ठरवलं आणि कागद वडिलांसमोर सहीला ठेवला.

"पाहू," पोपटराव म्हणाले.

कणीक तेच मळत होते आता. पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, कौशल्याबाई त्या डाव्या हातानं खायच्या. बायकोच्या प्लास्टरकडे पाहताना ते सांगायला तोंड उघडायचे, आणि पुन्हा कणकेत हात घालायचे. सकाळी बॉनेट उघडायला ते जात नव्हते. फियाट दोरीनं ओढून आणलेली, दारात तशीच उभी होती.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, गल्लीत एक छोटा टेम्पो आला. मागे स्टँडवर इंजिन, आणि शेजारी संतोष. गल्लीतले लोक ओट्यांवर आले. अपेक्षा कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. संतोषनं तिला काही म्हटलं नाही, तो सरळ पोपटरावांसमोर आला आणि वर्तमानपत्राची पुडी उघडली. आत बेरिंगचे तुकडे होते, त्या दिवशी घाटात जाऊन त्यानं सांडलेल्या तेलातून वेचलेले, झिजून कागदासारखे झालेले.

"दादा," तो म्हणाला. ओठ थरथरत होते, त्यामुळे वाचायला कठीण जात होतं. "चूक माझी आहे. मी चेंबर उघडायला पाहिजे होतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून नाही उघडलं, पण गॅरेज माझं आहे, जबाबदारी माझी. हे दुसरं इंजिन आणलंय. याचे पैसे नकोत. वहिनींचा हात मोडला, त्याचं मी काय करू ते सांगा."

त्यानं स्टँडवरचं इंजिन चालू केलं. मग खिशातून फडकं काढलं, स्क्रू ड्रायव्हर पुसला आणि पोपटरावांपुढे धरला.

"कान लावा, दादा."

पोपटरावांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. सगळी गल्ली गप्प झाली, हे त्यांना चेहऱ्यांवरून समजलं. धंदा बसला, नाव गेलं, आणि हा अजून याच कानावर विश्वास ठेवून इथं उभा होता. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं.

"मला ऐकू येत नाही, संतोष," ते म्हणाले. आवाज किती लहान-मोठा निघतोय याचा त्यांना अंदाज नव्हता, पण शेवटच्या ओट्यापर्यंत तो गेला. "पाच वर्षं झाली. तुझ्याकडे मी नुसता डोळे मिटून उभा होतो. ते इंजिन मी ऐकलंच नाही. तू फसवलं नाहीस, मी फसवलं."

संतोष हळूच म्हणाला, "मला बारीक ठोका वाटला होता, दादा. तुम्ही घे म्हणालात, मग म्हटलं आपल्यालाच भास झाला."

"बोलला का नाहीस?"

"तुमच्यासमोर?"

अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला होता. "मीपण ऐकत होते, पप्पा. स्वारगेटपासून. तुम्हाला विचारलं मी आरशातून. तुम्ही मान हलवलीत." ती पुढे होऊन संतोषला काहीतरी म्हणाली, आणि सहीसाठी ठेवलेला कागद आणून तिनं त्याच्यासमोर फाडला. संतोष मान खाली घालून नको नको करत राहिला.

तेवढ्यात कौशल्याबाई पायरी उतरून आल्या. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला. नवऱ्यासमोर येऊन थांबल्या आणि बोलू लागल्या. बोलताना त्यांना रडू येत होतं, त्या मध्येच मान वळवत होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या, आणि पोपटरावांना ओठ दिसत नव्हते. बोलणं संपलं. ओट्यावरच्या बायका डोळे टिपत होत्या, अपेक्षा तोंडावर हात धरून उभी होती. काहीतरी मोठं बोलली होती बायको, आणि तेही त्यांच्या हातून निसटलं होतं.

आजवर अशा वेळी ते "हं" म्हणत आले होते.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मला कळलं नाही गं. पुन्हा सांग."

कौशल्याबाईंनी धड असलेला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि सबंध गल्लीच्या देखत, घसा ताणून, एकेक शब्द सुटा करून ओरडून सांगितलं,

"माझी आई गेली, त्या दिवशी, मी तुमच्या पाठीमागे बसून, तुम्हाला हाका मारत होते. तुम्ही वळून, पाहिलं नाहीत. तीन वर्षं, मी समजत होते, की तुम्हाला, माझं काही, वाटत नाही."